पोपटाला शिकवलेला शब्द

"पाच वाजता माझा राजीनामा घेणार आहेत," असं म्हणून त्या तरुण इंजिनिअर बाईंना रडूच फुटलं.

वहिनी खासगी तपास करीत. भाऊजी, म्हणजे त्यांचे निवृत्त दीर, सोबत जात आणि बहुधा चुकीच्या माणसावर संशय घेत.

प्रकरण असं होतं. रुग्णालयाच्या नव्या लिफ्टचा ब्रेक बाईंनी आखला होता. चाचणीत लिफ्ट घसरली, फिटरचा पाय मोडला. लिफ्टनं जास्त वजन पेलावं, अशी मागणी रुग्णालयानं केली होती. ती बाईंपर्यंत पोचलीच नाही.

"का नाही पोचली?" वहिनींनी विचारलं.

"बदलाच्या चिठ्ठ्या पोपट वाचतो. आमचा शिकणारा प्रोग्रॅम हो! गंभीर वाटली तर काम थांबवून मला कळवतो, मामुली वाटली तर फायलीत टाकतो. चिठ्ठ्यांवर आम्ही 'गंभीर', 'मामुली' अशा खुणा करू तसा तो शिकतो. त्याला चुकीचं शिकवणाऱ्या खुणा माझ्या नावावर निघाल्यात. मी तर फक्त सकाळी खुणा करते. दुपारी बाबांना भरवायला घरी जाते. कॉम्प्युटर उघडाच असतो."

ऑफिसात पोपट सांभाळणारा मास्तर नखं खात बसला होता. "ही खुणांची यादी. नाव आणि तारीख, वेळ नसते. साहेबांना मी फक्त बाईंचं नाव सांगितलं. बाईंची आणि माझी महिनाभर एक रजा नाही, आणि वर हे!"

"इथंच पाणी मुरतंय," भाऊजी कुजबुजले.

साहेब गोड बोलले. "रुग्णालयाच्या चिठ्ठ्या मी लिहून घालतो, पण पोपटातलं मला ओ की ठो कळत नाही. एक खुलासा करतो, माझा कुणावर राग नाही. पण बाई दुपारी बसून त्याला काय शिकवतात, ते मी कुठं बघू? उद्घाटनाच्या तारखेचा शब्द दिलाय. पुन्हा काम थांबलं तर माझीच उचलबांगडी."

साहेबांच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात दहा ते चौदा तारखांवर 'दौरा' लिहिलं होतं. भाऊजींना उगाच हेवा वाटला.

पावणेपाचला वहिनींनी सगळ्यांना बाईंच्या टेबलापाशी बोलावलं. "भाऊजी, लिहा. लिफ्ट काढून जिना बांधावा."

पोपटानं उत्तर दिलं, 'गंभीर'.

"आता आधी 'खुलासा' हा शब्द घाला."

'मामुली'.

मास्तरानं कपाळाला हात लावला.

"हा शब्द कुणीतरी घोटून घेतलाय," वहिनी म्हणाल्या. "यादीत 'खुलासा' असलेल्या चिठ्ठ्यांवर रोज दोन-तीन मामुली खुणा आहेत. दहा ते चौदा मात्र एकही नाही. बाई आणि मास्तर तेव्हा इथंच होते."

"आणि साहेब दौऱ्यावर!" भाऊजी ओरडले. या खेपेला त्यांचा संशय बरोबर होता.

"यादीत वेळ नाही. मग शिकवणी दुपारी चालते हे साहेबांना कुणी सांगितलं? दुपारी ही खुर्ची रिकामी असते. काम थांबू नये म्हणून ते हिच्यात येऊन बसत आणि बाईंच्या नावावर खुणा करत. वजनाच्या चिठ्ठीलाही त्यांनीच 'खुलासा' जोडला."

भाऊजींना त्या फिटरचा पाय आठवला आणि संताप आला. साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"मी एक खुलासा..."

"नको," वहिनी म्हणाल्या. "तुमचा खुलासा आता पोपटसुद्धा मामुली समजतो."

बाईंनी डोळे पुसले, खुर्ची पुढे ओढली आणि वजनाच्या चिठ्ठीवर खूण केली. 'गंभीर'.