तेलाच्या चिंध्या

जरा जवळ सरका. दार लोटून घ्या, पण कडी लावू नका. का ते कळेल.

एक होता म्हातारा सुतार, एक त्याचा सुतार मुलगा, एक सून आणि एक सुनेच्या पोटातलं बाळ. खाली कारखाना, जिन्याखाली म्हाताऱ्याची खोली, वर बाकीचा संसार. ही सून माझ्या चांगल्या ओळखीची. तिच्याच तोंडून ऐकलंय, म्हणून सांगतोय.

म्हाताऱ्याची एक खोड होती. लाकडाला जवसाचं तेल पुसून झालं की त्या चिंध्या तो रात्री अंगणातल्या दोरीवर वाळत घालायचा. एकेक, सुटी सुटी. सुनेला वाटायचं, काय हा चिक्कूपणा! "निघाले आमचे चिंधीशेठ," ती नवऱ्याला म्हणायची, आणि नवरा हसायचा. का घालता, असं त्यानं बापाला कधी विचारलं नाही. बापानंही सांगितलं नाही. ते काम पहिल्यापासून त्याचंच.

मग म्हाताऱ्याला अर्धांगवायू झाला. डावा हात लुळा पडला, वाचा गेली. तरी रात्र झाली की काठी टेकत निघायचाच. काठी भिंतीला लावायची, चिंधीचा कोपरा दातांत धरायचा आणि उजव्या हातानं ती दोरीवर पसरायची. दात तरी किती? वरचा एक, खालचा एक.

"अहो, पडले-बिडले तर निस्तरायचं कोणी? मी ही अशी अवघडलेली," सून म्हणाली. तिनं खोलीला बाहेरून कडी बसवून घेतली.

त्या दिवसापासून रोज रात्री आतून काठी वाजायची. ठक. ठक. ठक. ती वरूनच ओरडायची, "झोपा आता, बाबा!" थंडीचे दिवस, काम बेताचं, चिंध्याही मूठभरच. काही बिघडलं नाही.

एका रात्री काठी वाजली नाही. तिला हायसं वाटलं. म्हटलं, आली बाई एकदाची समज... सकाळी कडी काढली, तर दार ढकललं जाईना. म्हातारा दाराला टेकून बसला होता. गार पडलेला.

लोक म्हणाले, सुटला. तीही तेच म्हणाली. पण त्या खोलीची कडी तिनं पुन्हा लावून टाकली. आत बघवेना.

पुढे मुलगी झाली. भर उन्हाळा. गुरुवारची रात्र होती. नवरा जेवणाचं टेबल पोचवायला परगावी गेलेला, येणार सकाळी. सुनेनं दिवसभर खुर्च्यांना तेल पुसलं, चिंध्यांचा ढीग खोक्यात कोंबला आणि वर लेकीजवळ आडवी झाली. पाठ टेकताच डोळा लागला.

ठक. ठक. ठक.

झोपेतच ती ओरडली, "झोपा आता, बाबा!"

...आणि टक्क जागी झाली.

वारा नव्हता. लेक झोपलेली. घर गप्प.

ठक.

ती जिना उतरली. दारापाशी आली. कडी बाहेरून लागलेली. आवाज आतून.

"बाबा..?"

आवाज थांबला.

तिनं कडीला हात घातला. कडी निघेना. निघाली. दार उघडलं. खाट. गुंडाळलेली गादी. कोपऱ्यात काठी. माणूस नाही.

पण वास... करपलेल्या तेलाचा.

ती कारखान्यात धावली. खोक्यातून धूर येत होता. विस्तव नाही, काडी नाही, कोणी आलं नाही, गेलं नाही. आणि बरोबर वर, त्या लाकडी तक्तपोशीवर, लेकीचा पाळणा. खोकं तिनं हातांनी अंगणात ओढलं, पाण्याच्या टाकीत बुडवलं. तळवे भाजले. उरलेली रात्र लेकीला छातीशी धरून ती वरच बसून राहिली.

सकाळी नवरा आला. अंगणातूनच ओरडला, "अगं, चिंध्या कोणी वाळत घातल्या?"

तेलवाल्याकडे गेले तेव्हा तो म्हणाला, "ढीग केलात? अहो, या तेलाच्या चिंध्या ढिगात आतून तापतात, आपोआप पेट घेतात. तुमचे वडील रोज पसरायचे, ते उगाच होय?"

नवरा तिथेच पायरीवर बसला. "रोज रात्री सांगत होते ते," तो म्हणाला.

"आणि मी म्हणत होते, झोपा," ती म्हणाली.

घरी येऊन त्यानं कडी उखडली. तेव्हापासून त्या घरात आतल्या दाराला बाहेरून कडी नाही. ती लेक आता मोठी सुतारीण झालीये. तिच्या हातची खुर्ची मिळावी म्हणून लोक वर्ष-वर्ष थांबतात. आईचे भाजलेले तळवे अजून बघवत नाहीत. भाजल्याचं ती कधी बोलत नाही. त्या हायसं वाटण्याचं मात्र बोलते.

आणि त्या सकाळच्या चिंध्यांचं. ती दोरीवरून काढायला गेली. एकेक, सुटी सुटी. उन्हानं सगळ्या खडखडीत वाळलेल्या. प्रत्येकीचा एक कोपरा तेवढा ओला. त्यावर दोन दातांचे वण. एक वरचा, एक खालचा.