डाव्या कुशीवर

“देवा...!” मृणालिनीने हाक मारावी तसं नाव घेतलं, कूस बदलली, आणि काय आश्चर्य, मघापासून छळणारी उचकी थांबली!

बोरीवलीच्या त्या सुनसान फ्लॅटमध्ये भर दुपारी तिचे डोळे भरून आले. उचकी लागली की एकेक नाव घ्यायचं, ज्या नावाला थांबेल त्याने आपली आठवण काढली असं समजायचं, हे तर तिला लहानपणापासून ठाऊक. माहेरच्यांची नावं घेऊन झाली, गार्गीचं घेऊन झालं, उचकी काही हटेना... थांबली ती देवाच्याच नावाला! म्हणजे तीन वर्षं ज्याने या घरात पाऊल टाकलं नाही, तो तिकडे मुलुंडला बसून आपली आठवण काढतोय? खरंच?

खरं म्हणजे डाव्या कुशीवरून उजवीकडे वळलं की उचकी थांबते, हे तिला कालच कळलं होतं. परवाही कळलं होतं. पण एकटी बाई स्वतःशीच थोडं खोटं बोलली तर कुणाचं काय जातंय!

देवा म्हणजे देवदत्त, तिचा धाकटा दीर. ती लग्न होऊन आली तेव्हा सासूबाई नुकत्याच गेलेल्या, आणि हा एवढासा पोर दाराआडून नव्या वहिनीकडे टकामका बघत होता. त्याचे डबे, त्याचा गोवर, त्याची गणितं, त्याचं लग्न... सगळं तिनेच निभावलं. स्वतःचं मूल झालं नाही, आणि त्याचं दुःख करायलाही या पोराने तिला फुरसत दिली नाही. पुढे त्याची मुलगी गार्गी तर तिला मोठी आईच म्हणू लागली. किती भरलेलं घर होतं ते!

मग तिच्या नवऱ्याला, नंदकुमारांना, कॅन्सर निघाला. देवा तेव्हा नुकताच मस्कतला नव्या नोकरीवर रुजू झाला होता. नंदकुमारांनी मृणालिनीचा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवला आणि वदवून घेतलं, “देवाला कळवायचं नाही. नोकरीवर लाथ मारून येईल तो गाढव. मला जरा बरं वाटू दे, मीच सांगेन त्याला.” पण बरं वाटलंच नाही... देवा आला तो थेट अग्नी द्यायला. तेराव्याला भरल्या घरात तो ओरडला, “वहिनी, माझा दादा मरत होता आणि तू फोनवर मला हवापाण्याच्या गोष्टी सांगत होतीस! परका ना गं मी? परकाच!”

एक वाक्य बोलली असती तर सुटली असती बिचारी. पण गेलेल्या माणसाकडे बोट कसं दाखवायचं? देवाच्या मनातल्या दादाला धक्का कसा लावायचा? तिने मान खाली घातली, आणि चपला पायात सरकवून तो गेला तो गेलाच. पुढे मस्कतहून परतून मुलुंडला घर केलं, पण इकडे फिरकला नाही. गार्गी शिकायला नाशिकला गेल्याचं तिला बाहेरून कळलं.

गेल्या महिन्यात तिला पेसमेकर बसवला तेव्हा सोबतीला होती शेजारची शकु. “दिराला कळव गो,” ती कितीदा म्हणाली, पण मृणालिनीचा धीर झाला नाही. कुठल्या तोंडाने कळवणार? घरी आल्यावर काही दिवसांतच उचक्या सुरू झाल्या. शकु हसून म्हणायची, “कोण गो एवढा आठवण काढता तुझी? आमका पण सांग!” मृणालिनीही हसायची. पण ही उचकी निराळी होती. घड्याळाच्या ठोक्यासारखी तालावर यायची, पोटात बरगडीखाली काहीतरी टकटक उडायचं, आणि मधूनच डोळ्यांपुढे अंधारी यायची.

तपासणीला गेली तेव्हा तिने भीत भीत सांगितलंही. तरुण डॉक्टर स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाला, “मशीन फर्स्ट क्लास चाललंय, आजी. ॲसिडिटी असेल. गोळी देतो.”

“पण अहो, ही तालावर येते...”

“मनातून काढून टाका. नवीन मशीन बसवलं की सगळ्यांनाच असं वाटतं.”

वाटतं! म्हणजे आपल्याच देहाबद्दल आपलंच काही चालत नाही तर! ती मुकाट्याने गोळी घेऊन घरी आली.

आणि मग एका सकाळी दूध तापवताना ओटा एकदम दूर गेल्यासारखा झाला... शुद्धीवर आली तेव्हा ती फरशीवर पडलेली होती, दूध उतू जाऊन गॅस विझला होता, घरभर वास पसरला होता, आणि जवळच्या किल्लीने दार उघडून आलेली शकु गॅसचा कॉक बंद करून तिच्या तोंडावर पाणी मारत होती. पोटात टकटक चालूच होती.

“साखर घाल तोंडात, थांबेल उचकी,” शकु रडवेली होऊन म्हणाली.

“ही उचकी नाही, शकु.” मृणालिनीचा आवाज तिला स्वतःलाच अनोळखी वाटला. “कुणी माझी आठवण काढत नाहीये. माझ्या आत काहीतरी बिघडलंय. मला कळतंय ते. पहिल्यापासून कळतंय!”

कुणीतरी आठवण काढतंय, तेवढा एकच आधार होता, तोही तिने आपल्या हाताने सोडला. शकु टॅक्सी बोलवायला धावली. मृणालिनीने फोन घेतला. नंबर पाठ होता.

“देवा... मी. वहिनी.”

तो काही बोलायच्या आत ती एका दमात सांगून गेली.

“मला पेसमेकर बसवलाय, आणि काहीतरी चुकलंय रे. मी आज पडले. हॉस्पिटलला निघालेय. तुला सांगतेय... या वेळी सांगतेय.”

“कुठलं हॉस्पिटल?” एवढंच त्याने विचारलं. तिने सांगितलं, आणि फोन बंद झाला.

तो पोचला तेव्हा गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र तसंच लटकत होतं. केस पिकले होते. डॉक्टर तोच होता, आणि पुन्हा तेच म्हणत होता, “आत्ताही रीडिंग नॉर्मल आहे. सकाळी उपाशी होतात का?”

“डॉक्टर,” मृणालिनी म्हणाली, “तुम्ही मला उताणी झोपवून बघताय. मला डाव्या कुशीवर वळवा. मग बघा.”

“आजी, त्याने काही...”

“वळवा म्हणतेय ना ती!” देवदत्त कडाडला.

तिला वळवलं. क्षणभर काही झालं नाही. मग पोट उडू लागलं, उचकी सुरू झाली, आणि स्क्रीनवरची रेघ मध्येच लांब सपाट झाली... “सरळ करा, सरळ करा!” डॉक्टरच ओरडला. धावपळ उडाली. एक्स-रे काढला. हृदयात बसवलेली तार जागची सरकली होती, कधी हृदयाला चालवत होती, कधी नुसती छाती-पोटामधल्या पडद्याला हिसके देत होती, तीच ही उचकी. तार आजच पुन्हा बसवायला हवी, असं सांगताना डॉक्टरची मान खाली गेली होती. “तुम्ही सांगत होतात, आजी. मी ऐकायला हवं होतं.”

स्ट्रेचर लिफ्टपाशी थांबलं. देवदत्तने फोन काढला, आणि पुन्हा खिशात ठेवला. “गार्गीला आत्ता नको सांगायला,” तो पुटपुटला. “परीक्षा आहे तिची. उगाच धावत येईल...”

आणि बोलता बोलता त्याला स्वतःचेच शब्द ऐकू आले. त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

“वहिनी... हे दादा म्हणाला होता? माझ्याबद्दल?”

तिने डोळे मिटून घेतले, पण अश्रू कुठे ऐकतात! “फार जीव होता रे त्यांचा तुझ्यावर.”

“तीन वर्षं, वहिनी! तीन वर्षं मी तुला... अगं, एक थोबाडीत मारून सांगायचंस ना!” त्या पिकल्या केसांच्या माणसाने तिच्या पायांवर डोकं ठेवलं आणि तो हुंदके देऊन रडू लागला. शकुने तोंड फिरवून पदर डोळ्यांना लावला.

मृणालिनीचा हात त्याच्या केसांवरून फिरत राहिला. मग ती म्हणाली, “पुरे आता. गार्गीला फोन लाव.”

“पण परीक्षा...”

“लाव म्हणते ना. मीच बोलते.”

त्याने फोन लावून तिच्या कानाशी धरला.

“गार्गी, मी मोठी आई... रडू नकोस, ऐक आधी. माझं ऑपरेशन आहे गं आत्ता. मला भीती वाटतेय.” आयुष्यात पहिल्यांदाच ती कुणाला तरी हे सांगत होती. “पण तुझी परीक्षा...”

“माझा शेवटचा पेपर परवाच झाला, मोठी आई!” पलीकडून रडका आवाज आला. “मला विचारायचं तरी होतं कुणीतरी... मी निघालेच.”

लिफ्टचं दार उघडलं. देवदत्तने तिचा हात धरला आणि तो तिच्याबरोबर आत गेला.