पन्हाळ्याचं ट्रेनिंग

“जाते म्हणं. जाते! कवापास्नं जाते व्हायला लागली ही?”

अंबूबाई कुणाशी बोलत नव्हती. पोलीस ठाण्यातल्या बाकावर बसून पदराच्या टोकाशी पुटपुटत होती. सहायक निरीक्षक प्रियदर्शनी मगदूम शेजारीच चहा ओतून घेत होती, म्हणून तेवढं तिच्या कानावर पडलं.

“मॅडम, यात काय तपास करायचा?” हवालदार कृष्णात म्हणाला. “पोरगी वीस वर्षांची. स्वतःच्या तोंडानं सांगितलंय. ऐका परत.”

त्यानं अंबूबाईचा मोबाइल पुढं केला. आवाज स्वप्नालीचाच होता, याबद्दल आईलाही शंका नव्हती. “आई, मी माझ्या मर्जीनं पुण्याला जाते. मला तिथे नोकरी मिळाली आहे. मला शोधू नका.”

“आणि ती शिकवते त्या संस्थेचा ड्रायव्हर सयाजी पण शनिवारपासून गायब. गल्लीत सगळ्यांना ठाऊक हाय,” कृष्णात म्हणाला. गल्लीला ठाऊक असलं की त्याचा तपास पूर्ण व्हायचा.

प्रियदर्शनी अंबूबाईशेजारी जाऊन बसली.

“मघाशी काय म्हणत होता?”

“काय न्हाय की.”

“जाते म्हणं, असं म्हणालात.”

“मग! आमच्यात बायका जातो म्हणत्यात. मी जातो, मी आलतो. क्लासात पोरांना शिकवताना ती जाते म्हणती, तिथं सरांनी तसं लावून दिलंय. पर माझ्यासंगं? मी इचारलं असतं, लई शानी झालीस व्हय गं?”

प्रियदर्शनीही इकडचीच, शिरोळकडची. ठाण्यात ती ‘येते’ म्हणायची. फोनवर आईचा आवाज आला की ‘येतो’ सुटायचं. आईशी बोलताना बाई ठरवून शुद्ध बोलत नाही. घाबरलेली तर नाहीच.

मग स्वप्नाली बोलत नव्हती. वाचत होती.

‘दिवेलागण’ प्रतिष्ठान वस्तीत सगळ्यांच्या तोंडी होतं. बायकांना गटानं छोटी कर्जं, मुलांना संध्याकाळी शिकवणी. अंबूबाई गेल्या वर्षी गटात आली, पिठाच्या गिरणीसाठी. स्वप्नाली शिकवणी घ्यायची. गटाची प्रमुख बाळाबाई. तिनं कर्जातून डब्यांची खानावळ काढलेली.

तिच्या घराच्या सोप्यात भरलेले डबे ओळीनं मांडले होते. झाकणांवर खडूनं लिहिलेलं: कारखाना, हॉस्टेल, पन्हाळा. गटातल्या चार बायका भाजी निवडत होत्या. दूध संपलंय म्हणून बाळाबाईनं काळा चहा दिला.

“स्वप्नाली शनिवारी कुठं गेलती?” प्रियदर्शनीनं विचारलं.

मग एक म्हणाली, “ट्रेनिंगला.” शेजारणीचं कोपर तिच्या बरगडीत बसलं.

“कसलं ट्रेनिंग?”

“ट्रेनिंग म्हंजे... ट्रेनिंगच की.”

“तुम्ही गेलता कधी?”

“दूध उतू जाईल,” म्हणत ती आत पळाली.

काळ्या चहाचा कप प्रियदर्शनीनं खाली ठेवला.

“हप्ता चुकला की सर बोलवत्यात,” बाळाबाई म्हणाली. “धंदा कसा करायचा ते सांगत्यात. पन्हाळ्याला सेंटर हाय.”

“सगळ्यांना मिळून?”

“एकेकीला.”

“कर्ज अंबूबाईंचं, हप्ता त्यांचाच चुकला असणार. मग ट्रेनिंगला पोरगी का?”

बाळाबाई पुसलेलं झाकण पुन्हा पुसायला लागली.

“हा पन्हाळ्याचा डबा कुणाला?”

“वॉचमनला. सरांनी रविवारपास्नं चालू केलाय. एसटीनं जातो.”

गल्लीच्या तोंडाशी सयाजी स्वतःच उभा होता, घामानं निथळत.

“मॅडम, म्या न्हाय हो! म्या वारणानगरला भनीकडं हुतो. भनीला इचारा, भावजीला इचारा. रजा सरांनीच दिली, न मागता.”

“मग शनिवारी गाडी कुणी चालवली?”

“सरांनी. एरवी हात लावत न्हाईत. क्लच जाळून ठेवलाय बघा!” पळून गेल्याच्या आळापेक्षा त्याला क्लचचं दुःख जास्त झालं होतं.

प्रतिष्ठान चालवणाऱ्या विश्वजित सरांची कचेरी उदबत्तीच्या वासानं भरलेली होती. भिंतीवर हसऱ्या बायकांचे फोटो. खादीचा झब्बा, मऊ आवाज. पंधरा वर्षांपूर्वी बाहेरून येऊन इथं राहिलेला माणूस. एका मुलीनं पाणी आणून ठेवलं.

“सर, मी जातो.”

“मी जाते,” त्यांनी हसून दुरुस्त केलं. “भाषा सुधारली की आत्मविश्वास येतो, मॅडम. स्वप्नालीही आधी अशीच बोलायची.”

“शनिवारी कुठं होता सर?”

“घरी. वाचत होतो.”

“दिवसभर?”

“दिवसभर.”

“पन्हाळ्याचं सेंटर कसं चाललंय?”

“दिवाळीपासून बंद आहे. छत गळतं. तिथे कुणीच नसतं.”

“वॉचमन?”

“कुणीच नाही, म्हटलं ना.”

प्रियदर्शनी उठली. “बरं. येतो मी, सर.”

त्यांचं तोंड उघडलं. वर्दीकडं बघून मिटलं.

दुपारच्या एसटीत कंडक्टरजवळ डबा होता. पोलिसांची गाडी त्याच्या मागं घाट चढली. पन्हाळ्याला एका म्हाताऱ्यानं डबा उतरवून घेतला आणि बंद असलेल्या सेंटरच्या मागच्या खोलीचं कुलूप काढलं.

स्वप्नाली भिंतीला पाठ लावून बसली होती. ओठ सुजलेला. कोपऱ्यात नवी चादर घातलेली कॉट, आणि वर, संस्थेच्या कॅलेंडरवर, दिवा घेतलेली लहान मुलगी. कृष्णातनं बाहेर जाऊन थुंकून टाकलं. तो तंबाखू खात नव्हता.

“आईला कळलं?” पोरीनं विचारलं.

“पहिल्याच शब्दाला.”

“सर म्हनले, लिवलंय तसंच वाच. मी तसंच वाचलो. एकबी शब्द आपला घातला न्हाय.”

संध्याकाळी प्रतिष्ठानच्या हॉलमध्ये गट जमला. विश्वजित दोन शिपायांच्या मधे बसला होता. स्वप्नालीला कुशीत घेऊन अंबूबाई बसली होती. बाकीच्या त्या दोघींपासून जरा लांबच.

“आवाज पोरीचा, शब्द दुसऱ्याचे,” प्रियदर्शनी म्हणाली. “ते सयाजीचे असते, तर ‘मी जातो’ आलं असतं. त्याची आई, बहीण तसंच बोलतात. तुमच्यातल्या कुणी लिहून दिलं असतं तरी तेच. ‘जाते’ लिहिणारा इथं एकच. ज्याला आमचं बोलणं चूक वाटतं, आणि पोरीला डांबून ठेवतानाही जो ते दुरुस्त केल्याशिवाय राहत नाही.”

विश्वजितनं चष्मा पुसला.

“तेवढ्यावर मी कुणाला धरलं नसतं. पण सयाजीला न मागता रजा मिळाली. का? गाडी सरांना स्वतः न्यायची होती. घरी वाचत बसलेल्या माणसानं क्लच कसा जाळला? आणि सेंटरवर कुणीच नाही, तर रविवारपासून सरांनी डबा कुणाला चालू केला? शनिवारी पोरीनं विरोध केला, ओरडली. सोडली तर बोलेल, म्हणून कोंडली. आईनं तक्रार करू नये म्हणून तो निरोप. पुढं तिचं काय करायचं, ते अजून ठरत नव्हतं.”

“ती रागाच्या भरात तिथे राहिली,” विश्वजित शांतपणे म्हणाला. “ओठ धडपडून फुटला. कुलूप त्या म्हाताऱ्यानं लावलं. तिथे एवढ्या बायका येऊन गेल्या, प्रशिक्षणाला. कुणाची तक्रार आहे का? विचारा ना. इथेच बसल्या आहेत.”

त्यानं एकेकीकडं पाहिलं. एकेक मान खाली गेली. अजूनही त्याला खात्री होती, आणि ती कशाची, हे प्रियदर्शनीला कळत होतं. या बायका गप्प राहिल्या, तर पोरीच्या शब्दासमोर त्याचा शब्द. तो जामिनावर सुटून येईल आणि कॉटवर नवी चादर पडेल.

“बोला की गं,” ती म्हणाली. पोलिसासारखं नाही.

मग बाळाबाई उठली. विश्वजितकडं बघितलंच नाही. ती अंबूबाईसमोर जाऊन जमिनीवर बसली.

“ट्रेनिंग नव्हतं ते. अंगावर हात टाकायचा. माझ्या टाकला, हिच्या टाकला, तिच्याबी. एकीचा हप्ता चुकला की समद्यांचं पुढचं कर्ज बंद, म्हनून आमी माझ्याच सोप्यात बसून ठरवायचो, या खेपंला कोण जायाचं.” तिनं अंबूबाईचा पदर धरला. “हप्ता तुझा चुकला, पर तू आजारी हुतीस. आमी म्हनलो, पोरीला धाडा. अंबू, तुझी पोर आमी धाडली. म्हाईत असून धाडली.”