नऊ वेळा दाबलेलं बटण

"एवढे दाट केस कशाला ठेवायचे माणसानं," तारा लावणाऱ्या ताई तिच्या कानाशीच पुटपुटल्या. एकवीस तारा मलमानं डोक्याला चिकटवायच्या, आणि दर तिसरी निसटत होती.

ती पोहायला शिकवायची. दोन वर्षांपूर्वी फिट यायला लागल्या नि पाणी बंद झालं. फिट मेंदूत कुठून उठते ती जागा सापडली तर ऑपरेशन, आणि ऑपरेशन नीट झालं तर पुन्हा पाणी. त्यासाठी पाच दिवस या खोलीत, कॅमेऱ्यासमोर. फिटच्या आधी तिच्या पोटातून काहीतरी सर्रकन वर चढायचं... तसं झालं की हातातलं बटण दाबायचं, एवढंच काम.

तेवढ्यात एक तरुण चुकून आत आला. त्याला शेजारची, मॉनिटरची खोली हवी होती. मेंदूच्या लहरी वाचून ती जागा शोधणारा कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रोग्रॅम त्याचाच. तिनं लगेच त्याचं नाव ज्योतिषीबुवा ठेवून टाकलं.

नंतर मात्र तो चुकून आला नाही, कारणं काढून आला.

"सापडली का जागा?"

"तुम्ही हसायच्या थांबलात तर सापडेल. हसलं की लहरी वेड्यावाकड्या येतात."

"मग येऊ नका ना तुम्ही..."

तो गेला — आणि अर्ध्या तासात कुठलीशी वायर बघायला परत आला.

चौथ्या दिवसापर्यंत बटण नऊदा दाबलं गेलं होतं. त्यातल्या तीन वेळा प्रोग्रॅमनं उजव्या कानामागची एकच जागा दाखवली. उरलेल्या सहा वेळा काही म्हणजे काही नाही. ज्योतिषीबुवा वैतागले. प्रोग्रॅम उसवला, पुन्हा शिवला, दाढी करायचं विसरले. त्या सहा वेळी काय झालं होतं, असं सोबतीला राहिलेल्या तिच्या आईला विचारलं, तर आईनं वर्तमानपत्रात तोंड घातलं. ताईंनी कॅमेऱ्यातलं सगळं पाहिलं होतं. त्यांनी डॉक्टरांकडे बोट दाखवलं. डॉक्टरांनीही पाहिलं होतं. ते चष्मा पुसत राहिले. आणि तिला स्वतःला कळून चुकलं होतं, पण डोक्याला एवढं मलम फासलेलं असताना असलं काही बोलायचं तरी कसं?

पाचव्या दिवशी डॉक्टर म्हणाले, त्या सहा वेळांचं उत्तर नसेल तर ऑपरेशन नाही, आज घरी जा. तो हट्टालाच पेटला. चूक प्रोग्रॅमचीच, पेशंटला जाणवलं ते खरं, नऊच्या नऊ फिटच धरा, म्हणाला. मग जागा एक उरतच नाही, डॉक्टर म्हणाले. आई खोकली. ताई खिडकीबाहेर बघायला लागल्या.

आता मात्र तिची सहनशक्ती संपली.

"ते सहा काढून टाका."

"असे कसे काढू? काहीतरी झालं होतं ना तुम्हाला?"

"झालं होतं. पण फिट नव्हती ती... त्या सहाही वेळा दारात तुम्ही उभे होतात."