सात कडी आणि एक माळ

प्रयोगशाळेतल्या वाळूच्या हौदात इनामदार सरांनी सातवं कडं रोवलं आणि हेमांगी सोनवलकरला जवळ बोलावलं. पलंगाएवढा उथळ हौद, त्यात ओली वाळू आणि एका कडेला यंत्रावर हादरे देणारी फळी. 'उभारणी' या संस्थेची सगळी पुण्याई याच हौदातून वर आली होती. तीन वर्षांपूर्वीच्या भूकंपात वाणखोऱ्यातली सात गावं जमीनदोस्त झाली, तेव्हा बाकीच्या संस्था पत्रे आणि घोंगड्या वाटून परतल्या. हेमांगीने मात्र पुन्हा कधीच पडणार नाहीत अशी गावं बांधायचा विडा उचलला, आणि बांधूनही दाखवली. सातव्या गावाचं काम मागच्याच आठवड्यात पुरं झालं होतं. सत्काराच्या शालींना कपाटात जागा उरली नव्हती आणि खरं सांगायचं तर बाईंना थोडा गर्वही चढला होता.

युक्ती तशी साधी. गावाभोवती गोलाकार खोल भोकं पाडायची आणि त्यांत लोखंड व रबर ठासून भरायचं. याला ती 'तरंगवळण कडं' म्हणे. ओढ्याचं पाणी खडकाला वळसा घालून जातं, तशी भूकंपाची लाट गावाला वळसा घालून पुढे निघून जाते. आतल्या घरात पेल्यातलं पाणीसुद्धा हलत नाही.

इनामदार एकेकाळचे तिचे प्राध्यापक, आता संस्थेचे सल्लागार. त्यांनी प्रत्येक कड्यात एक काड्यापेटी उभी केली, मधल्या मोकळ्या वाळूवर एक लोखंडी गोळी ठेवली आणि यंत्र सुरू केलं. सातही काड्यापेट्या जागच्या हलल्या नाहीत. मधली वाळू मात्र उकळी फुटावी तशी खदखदली आणि गोळी दिसेनाशी झाली.

"एकेका कड्याची चाचणी आपण घेतली," ते म्हणाले, "सातांची मिळून कधीच घेतली नाही. जमेल तसं एकेक गाव बांधत गेलो. पण लाट नाहीशी होत नाही, हेमांगी. आपण ती फक्त बाजूला सारतो. ही गावं वर्तुळात वसली आहेत, त्यामुळे सातही कडी आपापली लाट मधोमध ढकलतात. तिथे नेहमीच्या नऊपट हादरा बसेल."

मधोमध तर उघडा माळ आहे, तिथे पडायला काय आहे, असं तिने विचारलं. त्यावर सरांनी नकाशा पुढे केला. माळाखाली जुन्या नदीची वाळू होती, आणि शेजारी संस्थेनेच पाझर तलाव बांधल्याने ती आता वरपर्यंत भिजलेली होती. भिजलेली वाळू एवढी हादरली की तिचं पिठलं होतं आणि वर उभा असेल तो सरळ आत जातो.

"तिथे कुणी राहत नाही ना?" सरांनी विचारलं.

राहत कुणी नव्हतं, पण वाणखोऱ्यात एक रीत होती. जमीन जराशी जरी थरथरली तरी सातही गावं चुली विझवून माळावर येत आणि आठ दिवस छपराखाली पाऊल टाकत नसत. तिथेच स्वयंपाक, तिथेच झोप. तिला या एकीचं फार कौतुक. अहवालात तिने फोटो छापले होते आणि लोकांची सोय म्हणून माळावर नळ व शौचालयंही बांधून दिली होती.

कडी उपटायची तर कित्येक महिने लागले असते. उपाय एकच उरत होता, पुढच्या हादऱ्याला लोकांनी घरातच थांबायचं. हे समजावायला सोमवारी जाऊ, असं दोघांचं ठरत होतं, तेवढ्यात वाणखोऱ्यातून संस्थेच्या व्यवस्थापकाचा फोन आला. अकरा वाजता बारीकसा धक्का बसला होता. घरं जागची हलली नाहीत, शेतातल्या लोकांना तेवढा जाणवला. माळावर म्हणे हापशातून आपसूक पाणी आलं. काळजी नको, सगळे सुखरूप माळावर जमले आहेत, असं त्याने आनंदाने सांगितलं.

इनामदारांनी धक्क्याचा आलेख पाहिला आणि चष्मा काढून ठेवला. मागच्या वेळीही मोठ्या भूकंपाआधी सहा दिवस जमिनीखाली एवढ्याच खोलवर असाच एक बारीक धक्का बसला होता.

चार वाजता हेमांगी माळावर पोचली. चार हजार माणसं पथाऱ्या टाकून बसली होती. कौसाबाई गव्हाणे या म्हाताऱ्या बाईच्या शब्दाला सातही गावांत मान होता. हेमांगीने मातीत सात गोल काढून तिला सगळं समजावलं. कौसाबाईने मध्ये एकदाही न टोकता ऐकून घेतलं.

"म्हंजी घरात ऱ्हायलो तर जगू."

"हो मावशी. तुम्ही सांगितलंत तर ऐकतील सगळे."

कौसाबाईने त्या गोलांकडे बोट दाखवलं.

"मागल्या बारीनं बी आमी हितंच व्हतो," ती म्हणाली. "सहाव्या दिशी एक सायेब आला. त्यानं बी असंच काढून दावलं, म्हनला काय व्हत न्हाई, घरी जावा. माजा मालक सरपंच. त्यानंच भोंगा हातात घिऊन समद्यांला घरी लावलं. धाकल्या लेकीला घिऊन सोता बी गेला. मी तेवढी भांडी घासाया मागं ऱ्हायले. तुजं खरं असंल, बाई. पन त्ये शबूद माज्या तोंडून न्हाई निगायचे."

हेमांगीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरं कशी पडली, हे तिने तीन वर्षांत दारोदार विचारलं होतं. ती पडली तेव्हा लोक घरात का होते, हे तिने एकदाही विचारलं नव्हतं.

आता दुसरं कोण सांगणार? तिने व्यवस्थापकाच्या गाडीवरचा भोंगा सुरू केला, आपलं नाव सांगितलं आणि हात जोडून म्हणाली, "घरं मजबूत आहेत. काही होणार नाही. सगळ्यांनी आपापल्या घरी जा."

 मग माणसं उठू लागली. पथाऱ्या गोळा झाल्या, पोरं कडेवर चढली, आणि क्षणभर तिला वाटलं, जिंकलं. पण कडेला बसलेले लोक उठून आणखी मध्ये सरकत होते.

नव्या घरांवर विश्वास ठेवून आतच राहिलेली थोडी माणसंही होती. अंथरुणाला खिळलेले, बाळंतिणी, गुरांपाशी थांबलेले. भोंग्यावरचे ते मागच्या वेळचेच शब्द त्यांच्यापर्यंतही पोचले होते. सातही बाजूंनी दारं उघडली आणि ती धावत सुटली. एका म्हाताऱ्याला तर चौघांनी बाजेसकट उचलून आणलं. हेमांगी ओरडत त्यांच्या आडवी गेली, पण तिच्याकडे कुणी पाहिलंही नाही. दिवस मावळायच्या आत सातही गावांत माणूस म्हणून उरलं नाही.