संघपाल आणि तिसरी खुर्ची

संघपालनं मला विचारलं आणि मी हो म्हटलं. हे वाक्य खोडलंय असं समजा. अजून काहीच झालेलं नाही.

तर... नागपूरच्या रामदासपेठेत आमचा स्पॅनिशचा क्लास, शेजारी पॅथॉलॉजी लॅब. पहिल्याच दिवशी जिन्यात एक मुलगा, हाताला कापूस दाबून उभा.

"स्पॅनिशचा क्लास इथंच आहे का जी?"

"बाजूले. पण रक्त काहून दिलं?"

"ते म्हणाले, बाही वर करा. केली."

असा हा खापा गावचा संघपाल. सांगाल ते करणारा. डोळे मात्र कोणाचं न ऐकता माझ्याकडे बघत होते.

वर्गात मॅडमच्या तीन खुर्च्या, स्पॅनिशमध्ये 'करायला हवं' म्हणायच्या तीन तऱ्हांच्या. नाइलाजानं करावंच लागतं, ते 'तेनेर के'च्या खुर्चीत बसून बोलायचं. मनाला पटतं म्हणून करायला हवं, ते 'देबेर'च्या. तिसरी 'आय के'ची : कोणीतरी करायला हवं, कोणी ते विचारायचं नाही.

संघपालनं ही तिसरी सोडलीच नाही. माझ्याकडे बघत मोडक्या स्पॅनिशमध्ये म्हणायचा, "मयुराला हुडकेश्वरला सोडून द्यायला हवं."

"कोणी गा?" मी मराठीत कुजबुजायची.

"तसं नाही सांगत वं या खुर्चीत..." म्हणत तो गाडीची किल्ली काढायचा.

सहा महिने मी अशी, कोणीच नसलेल्या माणसाच्या मागे बसून घरी गेले. कडुनिंबाचा मोहर केसांत पडायचा, आणि वाटायचं, हुडकेश्वर अजून थोडं पुढं सरकावं.

मग त्याला स्पेनमधल्या वालेन्सियाला प्रवेश मिळाला. संत्र्यांचा अभ्यास, दोन वर्षं. गुरुवारी विमान.

शेवटच्या क्लासला तो तिसऱ्या खुर्चीकडे निघाला... मी आधीच जाऊन बसले.

"उठ ना वं."

"नाही उठत."

तो पहिलीत बसला. "मला जावंच लागतं." उठला, दुसरीत बसला. "आईला रोज फोन करायला हवा." पुन्हा उठला. खुर्च्या संपल्या. मॅडमचा खडू फळ्याजवळच थांबला. तो मधोमध उभा — हात नकळत तिथंच, जिथं त्या दिवशी कापूस होता.

"हे करावं लागत नाही... कोणी सांगितलंबी नाही. मीच माह्या मनानं म्हणून राहिलो. माह्यासाठी थांबशील, मयुरा?"

"थांबीन," मी उठून म्हटलं. "अन् मले कोणी बाही वर कराले नाही लावली."

घरी येऊन मी अर्ज लिहिला : प्रति, मा. संचालक, विमानतळ, नागपूर. वालेन्सिया हे शहर पुढील दोन वर्षांकरिता हुडकेश्वरच्या नंतरच्या स्टॉपवर हलविण्यात यावे, ही नम्र विनंती.