अळ्यांचा तिसरा डबा

"मामा, थांब! त्यांना हात लावू नकोस!"

ठिणगी धावत परसात पोचली, पण तोवर तीन डबे खड्ड्यात उपडे झाले होते. मामा फावड्याने वर माती लोटत होता.

"तुमच्या किड्यांनी दोन कोंबड्या मारल्या!" मामा गरजला. "सुट्टीत माणसाची पोरं पत्ते खेळतात, आणि ही घाण पाळतात!"

"किडे नाहीत, अळ्या आहेत! आणि त्यांनी काही केलेलं नाही!"

"उलट बोलू नकोस!"

घरचे तिला ठिणगी म्हणायचे ते उगाच नाही. पण आजचा राग नाकाच्या शेंड्यावरचा नव्हता, तो थेट पोटातून आला होता. ती आणि तिचे दोन मामेभाऊ सुट्टीभर त्या पिवळ्या अळ्यांमागे खपले होते. गव्हाच्या कोंड्यात त्या ठेवायच्या, पाण्याऐवजी गाजराचे काप घालायचे, मेलेल्या रोज वेचायच्या आणि अळीचा काळा भुंगेरा झाला की तो वेगळ्या डब्यात टाकायचा! मूठभर अळ्या दिसल्या की मामीच्या कोंबड्या अशा तुटून पडत की विचारू नका. अंडी वाढली तेव्हा याच मामाने शेजाऱ्यांपुढे मिशीला पीळ दिला होता. आणि आज न विचारता, न बघता सगळं मातीत!

पायरीवर मामी मेलेल्या कोंबडीवरून हात फिरवत बसली होती. ती एक शब्द बोलली नाही. ठिणगीला ते मामाच्या ओरडण्याहून जास्त लागलं.

"ताई, इकडे ये," कुणीतरी तिचा फ्रॉक ओढला. तो शेपूट होता, सहा वर्षांचा धाकटा मामेभाऊ. सतत कुणाच्या तरी मागे असायचा, म्हणून शेपूट. त्याने तिला खोलीत नेलं आणि पलंगाखालून दोन डबे ओढून काढले. "बाबा फावडं आणायला गेले ना, तेव्हा पळवले!"

"शेपटा, तू वाघ आहेस वाघ!"

थोरला मामेभाऊ, म्हणजे प्रोफेसर, चष्मा सावरत डब्यांवर वाकला. प्रत्येक डब्यावर त्यानेच आकडा घातला होता. दुसऱ्या डब्यात अळ्या नुसत्या वळवळत होत्या. तिसऱ्यात मात्र सगळं निपचित. अळ्या काळ्या पडल्या होत्या.

"सकाळी कोंबड्यांना कुठल्या डब्यातलं घातलं?" ठिणगीने विचारलं.

"तिसऱ्या. कोंड्यासकट ओतलं," शेपूट म्हणाला.

"म्हणजे अळ्यांनी कोंबड्यांना मारलं नाही. अळ्यांना आणि कोंबड्यांना दुसऱ्याच कशाने तरी मारलं!" ठिणगी ताडकन उठली. "या डब्यात वेगळं काय आहे?"

"कोंडा," प्रोफेसर हळूच म्हणाला. "नवा. परवा गिरणीवाल्यांनी फुकट दिलेला, काल रात्री फक्त याच डब्यात घातला."

पिशवीत तो कोंडा अजून उरला होता. नीट पाहिलं तर त्यात पांढरट भुकटी दिसत होती, आणि वास असा की नाक झोंबलं. प्रोफेसरने पाच जिवंत अळ्या वाटीत घेतल्या आणि वर चिमूटभर कोंडा टाकला. दुपारपर्यंत पाचही गारद!

"चला गिरणीवर!" ठिणगी म्हणाली. "पण आधी पिशवी बदला. विषारी कोंडा इथेच राहू दे, जुना चांगला भरून घ्या."

"का?"

"तिथे कळेल."

गिरणी घरघरत होती. दारात चार बायका डबे घेऊन उभ्या होत्या. एकीच्या हातात कोंड्याची पिशवी होती. गिरणीवाल्यांच्या भुवयासुद्धा पिठाने पांढऱ्या झाल्या होत्या.

"तुमच्या कोंड्यात काय होतं? आमच्या कोंबड्या मेल्या!" ठिणगी म्हणाली.

"माझा कोंडा एक नंबर आहे!" गिरणीवाले हसले. "किडे खाऊन मेल्या असतील. तुझा मामाच सांगत होता. पळा, गिऱ्हाईक खोळंबलंय!"

ठिणगीची कानशिलं तापली. पण ती ओरडली नाही. पलीकडे त्यांची लाडकी शेळी बांधली होती. ती सरळ तिच्याकडे गेली आणि पिशवीतून ओंजळभर कोंडा काढला.

"एक नंबर ना? मग खाऊ दे हिला!"

शेळीने मान पुढे केली.

"अगं ए! घालू नकोस! मरेल ती!" गिरणीवाले झेप घेऊन आले. "पोरकिडे मारायची विषारी पावडर आहे त्यात!"

दारातल्या बायका डबे ठेवून पुढे सरकल्या.

"हा साधा कोंडा आहे," ठिणगी म्हणाली. "तुमची शेळी मेली असती म्हणून धावलात! आणि आम्हाला तो कोंडा दिलात तेव्हा?"

"धान्यात पोरकिडे झाले म्हणून कोपऱ्यात पावडर मारली होती... झाडताना कोंड्यात आली असेल... मला वाटलं, एवढ्याशाने काय होतंय..."

"अहो, हा मी वासराला नेत होते!" पिशवीवाली बाई किंचाळली आणि तिने ती पिशवी त्यांच्या पायांशी आदळली. "लाज वाटत नाही? आणि आमच्या पिठाचं काय?"

बायकांनी गिरणीवाल्यांना असं धारेवर धरलं की त्यांनी गिरणी बंद केली. प्रोफेसरने कोंडा कुणाकुणाला गेला ते विचारून घेतलं आणि तिघांनी दारोदार पळून सगळ्यांना सावध केलं. नशीब, कुणी अजून वापरला नव्हता!

संध्याकाळी बातमी त्यांच्या आधी घरी पोचली होती.

"वा रे वा!" मामा दारातच म्हणाला. "भाची कुणाची आहे!"

"मला शाबासकी नकोय," ठिणगी म्हणाली. "तू आम्हाला विचारलंसुद्धा नाहीस. तीन डबे जिवंत अळ्या पुरल्यास!"

मामाचं हसू मावळलं.

"चुकलो," तो म्हणाला. "आधी विचारायला हवं होतं. तुम्हा तिघांनाही."

"बरं."

"राग गेला?"

"तुझ्यावरचा गेला. गिरणीवाल्यांवरचा आहे अजून."

मामीने तिला जवळ ओढलं. दिवसभरात ती पहिल्यांदा बोलली. "असू दे. तो राग तू वापरलास, नुसती आदळआपट केली नाहीस. मोठ्या माणसांनाही जमत नाही ते."